पाडांग पांजांगची मुलींची शाळा

पारंपरिक इस्लामी शिक्षण मुलींपर्यंत पोहोचवण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग इंडोनेशियातील पश्चिम सुमात्रात झाला. पाडांग पांजांग या गावात रहमा अल युनुसिया यांनी 1923 मध्ये 'दीनिया पुत्री' ही मुलींची धार्मिक शाळा सुरू केली. तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या.

त्यांचे भाऊ झैनुद्दीन लबाई यांनी 1915 मध्ये काढलेल्या शाळेत मुलगे आणि मुली एकत्र शिकत. वर्गाचे दार मुलींना उघडे होते, पण स्त्रियांच्या आरोग्याशी निगडित धर्मनियमांबद्दल पुरुष शिक्षकांसमोर तोंड उघडणे त्यांना अवघड जाई. रहमा यांनी स्वतः नामवंत आलिमांकडे (धर्मपंडितांकडे) फिक्ह, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रीय कायद्याचा अभ्यास केला आणि स्त्रियांनीच स्त्रियांना शिकवण्याची व्यवस्था उभारली.

पहिल्या विद्यार्थिनींत तरुण आयाही होत्या. शाळा हुकलेल्या प्रौढ बायकांसाठी साक्षरतेचे वर्ग निघाले. अरबी आणि धर्मग्रंथांच्या जोडीला विणकामासारखी कौशल्ये आली. 1926 च्या भूकंपात इमारत कोसळली, तरी शाळा पुन्हा उभी राहिली. डच वसाहती सरकारचे अनुदान मात्र रहमा यांनी नाकारले. अभ्यासक्रमावर बाहेरचा अंकुश त्यांना नको होता.

1955 मध्ये कैरोच्या अल-अझहर विद्यापीठाचे प्रमुख ही शाळा पाहून प्रभावित झाले. 1957 मध्ये अल-अझहरने रहमा यांना 'शेखा' (स्त्री धर्मपंडित) ही पदवी दिली. पुढे इजिप्तच्या 1961 च्या कायद्याने झालेल्या सुधारणांनंतर त्या प्राचीन विद्यापीठात स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला.