‘येतंय मला’ आणि ‘आठवत नाही’ यांच्यामधले अंतर

माळशेज घाट चढून कल्याण-नगर महामार्गाने ओतूरकडे निघाले, की वाटेत मढ लागते. पिंपळगाव जोगा धरणाच्या जलाशयाजवळचे हे गाव. पावसाळ्यात इथल्या चहाच्या टपऱ्यांवर पर्यटकांची गर्दी असते. परीक्षेच्या दिवसांत मात्र चित्र बदलते. ओतूर-जुन्नरच्या कॉलेजांना जाणारी मुले-मुली एसटीची वाट पाहत बाकावर टेकतात आणि चहाच्या ग्लासाशेजारी वह्या उघडतात. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या कॅफेत बसणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे कॉफीचा मग असतो. पेयाच्या किमतीत मोठा फरक. अभ्यासाची पद्धत मात्र जवळजवळ सारखीच.

ती पद्धत कशी असते? हातात पिवळा हायलायटर. निम्मे पान आधीच रंगलेले. तोच धडा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाचायचा. ओळी ओळखीच्या वाटू लागल्या, की ‘येतंय मला’ म्हणून वही मिटायची. मध्येच मोबाइल वाजला, की नजर तिकडे. पुढे परीक्षेत प्रश्न वाचल्यावर ते पान डोळ्यांपुढे दिसते, उत्तर कोणत्या कोपऱ्यात होते तेही आठवते. उत्तर तेवढे आठवत नाही.

अशा वेळी मुलगा स्वतःला दोष देतो. ‘एवढा वाचूनही राहत नाही, म्हणजे आपल्याला डोकेच नाही.’ घरचेही तसेच समजतात. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात डोकेदुखी, पित्त, झोप न लागणे अशा तक्रारींसोबत ‘बुद्धीसाठी एखादे टॉनिक लिहून द्या’ ही मागणी याच दिवसांत येते. त्यातल्या बहुतेकांच्या मेंदूत काही बिघाड नसतो. चूक असते ती अभ्यासाच्या रीतीत.

ओळखणे आणि आठवणे ही मेंदूची दोन वेगळी कामे आहेत. पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो. परीक्षेत मात्र तो समोर नसताना आतून काढावा लागतो, आणि त्याचा सराव वाचून होत नाही. अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग हे नेमके दाखवतो. एका गटाने उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्या गटाने एकदाच अभ्यासला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना सुमारे 83 टक्के आठवले, दुसऱ्या गटाला 71. आठवड्यानंतर चित्र उलटले. वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना 61. गंमत म्हणजे, आपल्याला जास्त आठवेल अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती.

हे आपल्याकडे अगदीच नवे नाही. संध्याकाळी दिवे लागले, की आजी पाढे म्हणून घ्यायची, पुस्तक बघू न देता. अडखळले की सांगायची, पुन्हा म्हणायला लावायची. आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. आठवून पाहणे आणि उजळणी दिवसादिवसांवर वाटून घेणे, या दोन्ही गोष्टी त्यात होत्या. अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेणाऱ्या 2013 मधील एका शोधनिबंधानेही याच दोघींना वरचे स्थान दिले. हायलायटर आणि पुनर्वाचन खालच्या रांगेत गेले.

मग टपरीवर अभ्यास करूच नये का? तसे नाही. गाड्यांचा एकसुरी आवाज फारसा आड येत नाही. अर्थ कळणारे बोलणे, म्हणजे शेजारच्या बाकावरच्या गप्पा किंवा मोबाइलवरचे गाणे, लक्ष अधिक खेचते. तेव्हा तिथे नवा अवघड धडा काढण्यापेक्षा कालच्या धड्याची तोंडी उजळणी करावी. एकाने विचारावे, दुसऱ्याने वही मिटून सांगावे. एसटीची वाट पाहण्याचा वेळ त्याला पुरेसा असतो.

चहाचे गणित मात्र सांभाळायला हवे. कॅफिन शरीरातून निम्मे कमी व्हायला साधारण पाच तास लागतात. झोपण्याच्या सहा तास आधी 400 मिलिग्रॅम, म्हणजे बरेच कप भरतील इतके कॅफिन दिल्यावर लोकांची झोप तासाहून अधिक घटल्याचे 2013 मधील एका अभ्यासात दिसले. टपरीवरच्या एका ग्लासात कॅफिन याच्या कितीतरी कमी असते. पण रात्र जागवण्यासाठी एकामागून एक ग्लास रिचवले, की बेरीज वाढते. दिवसभर शिकलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेतच करतो. झोप तोडून केलेला अभ्यास म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. रक्त कमी असले, की थकवा येतो, लक्ष लागत नाही. जेवणासोबत घेतलेला चहा अन्नातले लोह शरीरात शोषू देत नाही. सकाळची एसटी गाठायच्या घाईत चहा-चपाती खाऊन निघणाऱ्या मुलीने चहा आणि जेवण यांत किमान तासाभराचे अंतर ठेवावे, डब्यात पालेभाजी, उसळ आणि सोबत लिंबाची फोड घ्यावी. सतत दम लागत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

टॉनिकची बाटली घेण्यापूर्वी आठवडाभर एवढे करून पाहावे: धडा एकदा नीट वाचायचा, वही मिटायची, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचे, चुकलेले तपासायचे. दोन दिवसांनी पुन्हा तेच. सुरुवातीला कागद बराचसा कोराच राहील. त्याने खचून जाऊ नये. काय येत नाही ते परीक्षेच्या आधी कळले, हाच त्या कोऱ्या कागदाचा फायदा.