पावसात रिकामी पिकअप चालवताय? हे वाचा

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर बर्फ पडत नाही. पण पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल आणि धूळ पाण्यात मिसळते, तेव्हा टायर बर्फावरसारखाच सटकतो.

बोलेरो पिकअप, टाटा एस, ईको या सगळ्यांत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते. सुताच्या गोण्या भरल्या की मागच्या चाकांवर वजन येतं आणि पकड मिळते. माल उतरवून रिकामी पिकअप परत निघाली की मागचा भाग हलका. वळणावर ॲक्सिलरेटर जोरात दाबला, की चाकं जागीच फिरतात आणि गाडीची शेपूट बाहेर जाते.

बर्फाळ देशांत पोर्शे ९११ बिनधास्त पळते, कारण तिचं इंजिनच मागच्या चाकांच्याही मागे बसलेलं आहे आणि त्याचं वजन त्या चाकांवर येतं. शिवाय ७ अंशांखाली कडक न होणारे हिवाळी टायर लावतात.

आपण काय करायचं?

• चिखलातून दुसऱ्या गिअरवर, हळू क्लच सोडत निघा.
• वळणाआधीच वेग कमी करा. वळणात एकदम खालचा गिअर टाकू नका.
• शेपूट डावीकडे गेली तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग हलकेच डावीकडे. ब्रेकवर उभे राहू नका.
• दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागे बसवा.
• खाचांची खोली १.६ मिमीवर आली की टायर बदला.

पावसाळ्याआधी एकदा मागचे टायर बघून घ्या, आणि ही पोस्ट तुमच्या टेम्पोवाल्या मित्रांना पाठवा.