झांजेची चमक कुठे हरवते?

एआयने रचलेलं गाणं मोबाइलच्या स्पीकरवर झकास वाटतं. तेच हेडफोन लावून ऐकलं की खटकू लागतं. झांज छन्न न वाजता फसफसते, गाणाऱ्याच्या ‘स’ आणि ‘श’वर वाळू घासल्यासारखी खरखर येते.

खोट उगमापाशीच आहे. मेटाने जून २०२३ मध्ये खुलं केलेलं म्युझिकजेन हे संगीत रचणारं मॉडेल थेट ध्वनिलहरी काढत नाही. एनकोडेक नावाच्या कोडेकने आवाजाचे संकेत ठरवून दिलेले असतात, सेकंदाला फक्त २००. पुढचा संकेत कोणता, याचा अंदाज मॉडेल बांधत जातं आणि कोडेक त्या संकेतांतून आवाज पुन्हा उभा करतो. हिशेब होतो सेकंदाला २.२ किलोबिट. सीडीवरचं स्टिरिओ संगीत सेकंदाला १,४११ किलोबिट घेतं! एवढ्या आवळलेल्या गाठोड्यात बारकावे चुरगळणारच. शिवाय इथे आवाजाचे नमुने सेकंदाला ३२,००० असतात. नमुन्यांच्या निम्म्याहून जास्त कंपनं त्यांत मावत नाहीत, म्हणून १६,००० हर्ट्झच्या वर सगळं सामसूम. तरुण कान २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतात आणि झांजेच्या चमकेचा वरचा पदर नेमका तिथे असतो.

स्टेबल ऑडिओसारखी मॉडेलं ४४,१०० नमुन्यांवर गेली, पण आवाज आधी आवळायचा आणि मग उलगडायचा, ही रीत तीच राहिली.

अशा वेळी इक्वलायझरवर ट्रेबल वाढवण्याचा मोह होतो. तो टाळलेलाच बरा. जिथे आवाजच नाही, तिथे वाढणार काय? वाढते ती त्याखालची खरखर.

त्यापेक्षा गाणं आधी सोडवून घ्यावं. डीझरचं स्प्लीटर किंवा मेटाचं डेमक्स गळा, ढोल, बेस आणि उरलेली वाद्यं वेगळी काढून देतं. मग गळ्यावर डी-एसर लावता येतो. तो ‘स’ टोचतो त्या क्षणापुरताच तीक्ष्ण भाग दाबतो, बाकी गळ्याला हात लावत नाही. बेस मध्यावर, दोन्ही कानांत सारखा ठेवला की गाण्याला बूड येतं. हे वेगळे केलेले तुकडे एकेकटे ऐकले तर पाण्याखालून आल्यासारखे लागतात, म्हणून त्यांच्यावरचा उपचार बेतानेच हवा.

शेवटी लिमिटरने, म्हणजे आवाजाची टोकं दाबणाऱ्या साधनाने, आवाज ठासून भरण्यातही फायदा नाही. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) या पातळीला आणून वाजवतं. ठासलेलं गाणं तिथे खालीच ओढलं जातं, आणि ढोलाचा चपटा झालेला ठोका तसाच राहतो.

चमक नसलेल्या झांजेसाठी एक्सायटर नावाचं साधन आहे. ते असलेल्या स्वरांतून नवे वरचे स्वर घडवतं. गेलेले परत आणत नाही. खरा उतारा जुनाच आहे. झांज ज्यात असते तो ढोलाचा तुकडा बाजूला ठेवून माणसाने माइकसमोर खरी झांज वाजवायची, ४४,१०० नमुन्यांनी ती मुद्रित करायची आणि गाण्यात बसवायची. १६,००० हर्ट्झच्या वरच्या त्या रिकाम्या जागेत मग पहिल्यांदाच काहीतरी वाजू लागतं.