नांदूरमध्यमेश्वर : गाळाने घडवलेलं पक्ष्यांचं घर

नाशिकहून निफाडकडे निघालं की दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आणि उसाचे मळे लागतात. याच शिवारात गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे. इंग्रजांच्या काळात, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तो बांधला गेला, तो शेतीच्या पाण्यासाठी. ढग आपला बराचसा पाऊस सह्याद्रीवरच रिता करतात, त्यामुळे पूर्वेकडचे तालुके कोरडे राहतात. इथून निघालेले कालवे आजही कोपरगाव, राहात्यापर्यंत पाणी नेतात.

पक्ष्यांसाठी इथे कोणी काही बांधलं नव्हतं. त्यांची सोय केली ती गाळाने. दरवर्षी पुराबरोबर माती वाहत आली आणि बंधाऱ्यामागे साचत गेली. धरणाच्या हिशेबाने हा तोटाच, कारण पाण्याची जागा मातीने घेतली. पण त्यामुळे कुठे गुडघाभर पाणी, कुठे नुसता चिखल, कुठे गवताने भरलेली बेटं अशी जागा तयार झाली. अशा उथळ, ओलसर जागेला पाणथळ म्हणतात.

उथळ पाण्यात सूर्याचा उजेड तळापर्यंत पोचतो. म्हणून तळाशी पाणवनस्पती वाढतात, त्यांच्या आधाराने किडे, गोगलगायी आणि मासे वाढतात, आणि त्यांच्यामागे पक्षी येतात. ज्याची जशी चोच, तसं त्याचं जेवण! ‘चमचा’ नावाच्या पांढऱ्या पक्ष्याकडे नीट बघा. चपटी चोच अर्धवट उघडी ठेवून तो ती पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालतो. चोचीला मासा लागला की ती चटकन मिटते. शेकाट्या आपल्या लांबलचक लाल पायांवर उभा राहून चिखलातले किडे टिपतो. तलवार बदक शेपूट वर आणि डोकं पाण्यात करून खालचं खाणं शोधतं. कमळपक्षी तर तरंगत्या पानांवरून चालतो. त्याची बोटं इतकी लांब असतात की वजन पसरतं आणि पान बुडत नाही. त्याची अंडी नर उबवतो, पिलंही तोच सांभाळतो.

हिवाळ्यात उत्तरेकडची तळी गोठली की पाहुणे येतात. लडाख-तिबेटकडचा केशरी रंगाचा चक्रवाक त्यातलाच. १९८६ मध्ये हे अभयारण्य जाहीर झालं आणि २०१९ मध्ये ‘रामसर’ यादीत आलं. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींची ही यादी, आणि महाराष्ट्रातून तिच्यात पहिलं नाव लागलं ते नांदूरमध्यमेश्वरचं. वनस्पती, मासे, पक्षी मिळून इथे पाचशेहून अधिक जातींची नोंद आहे.

पण या पाण्यावर संकटही आहे. जांभळ्या फुलांची जलपर्णी दिसायला सुंदर, पण ती पाण्यावर दाट पसरते, उजेड अडवते आणि पाण्यातला प्राणवायू कमी करते. मग मासे गुदमरतात. गावांचं, शहरांचं सांडपाणी नदीत सोडलं की तेच तिचं खत होतं. त्यामुळे जलपर्णी नुसती उपसून भागणार नाही. सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडलं पाहिजे. हे काम मोठ्यांचं आहे, आणि ते त्यांनी टाळता कामा नये.

तुम्ही मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीत एखाद्या पहाटे इथे जरूर या. चापडगावजवळ निरीक्षण मनोरे आहेत. मातकट किंवा हिरव्या रंगाचे कपडे घाला, दुर्बीण आणि वही बरोबर ठेवा, आरडाओरडा करू नका, खाऊची रिकामी पाकिटं परत घेऊन जा. आणि २ फेब्रुवारीला, म्हणजे जागतिक पाणथळ दिनी, आपल्या गावच्या तळ्याकाठी किंवा नदीकाठी जाऊन तिथे कोणते पक्षी दिसतात, त्यांची यादी करा. शाळेच्या फळ्यावर ती लावा आणि पुढच्या वर्षीच्या यादीशी ताडून पाहा.