महासंगणक हातात येण्याआधी त्याचा वेग कसा कळतो?

मंडळी, निफाड-दिंडोरीची द्राक्षं काढणीला आलीत आणि उद्याच्या पावसाचा अंदाज परवा मिळाला, तर त्याचा उपयोग काय? हवामानाच्या गणितात उत्तर नुसतं बरोबर असून भागत नाही, ते वेळेत यावं लागतं.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली ‘प्रत्युष’ आला, २०२४ साली ‘अर्क’. मे २०२५ मध्ये १२ ऐवजी ६ किलोमीटरच्या चौकटींवर अंदाज काढणारी प्रणाली सुरू झाली. आता बघा, चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात. त्यात वेळेचा टप्पाही निम्मा करावा लागला, तर काम आठपट!

मग आठपट प्रोसेसर लावले की झालं? नाही. प्रत्येक प्रोसेसरकडे नकाशाचा एक तुकडा असतो. शेजारच्या तुकड्याचे आकडे आल्याशिवाय त्याला पुढचा टप्पा मोजता येत नाही. समजा, १०० प्रोसेसरवर ६० मिनिटं गणित आणि ४ मिनिटं निरोपांची देवाणघेवाण, एकूण ६४. ४०० वर गणित १५, निरोप ८, एकूण २३. १६०० वर गणित जेमतेम ४, पण निरोप १६, म्हणजे २०! यंत्र चौपट केलं आणि वाचली तीनच मिनिटं. (हे आकडे फक्त समजण्यासाठी.)

हे आधीच कळावं म्हणून सिम्युलेशन. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात लक्ष्मीकांत काळे यांच्या गटानं त्यासाठी ‘बिगसिम’ तयार केलं. त्याची रीत दोन पायऱ्यांची. आधी खराच प्रोग्रॅम थोड्या प्रोसेसरवर चालवायचा, पण एकेकानं अनेकांचं सोंग घ्यायचं. कोणी किती वेळ गणित केलं, कोणाला केवढा निरोप धाडला, याची नोंद ठेवायची. मग ती नोंद नव्या यंत्राच्या जाळ्याच्या नमुन्यावर पुन्हा चालवायची. जाळं दुप्पट वेगाचं केलं तर? प्रोसेसर बदलला तर? हे सगळं खरेदीआधी तपासता येतं.

अर्थात, हाही अंदाजच. म्हणून आधी हाताशी असलेल्या यंत्रावर तो ताडून पाहायचा, मगच मोठ्या यंत्राबद्दल बोलायचं.

कधीकधी उत्तर असं येतं, की नवं यंत्र नको, प्रोग्रॅमच सुधारा. जनतेच्या पैशाचा प्रश्न असताना हे उत्तर फार मोलाचं. तेव्हा पुढच्या वेळी पेपरात पेटाफ्लॉप्सचा मोठा आकडा दिसला, की एवढंच विचारा: आपलं काम त्यावर किती वेळात होणार?