जमिनीखालून मंडईला

मागच्या वेळी आपण पाऊच आणि लेबल यांच्याबद्दल बोललो होतो. तेव्हा बऱ्याच गटांनी विचारलं, "पुण्याला माल आणायला जाता, पण त्या जमिनीखालच्या मेट्रोतून जायला भीती नाही वाटत?" वाटली होती. म्हणून आज तेच सांगतो.

आमचा मसाल्याचा गट. दिवाळीआधी पिशव्या, डबे, झाकणं लागतात. आधी तालुक्याच्या दुकानातून घ्यायचो, तो सांगेल तो भाव. पुण्याला गेलं तर रिक्षातच पैसे आणि अर्धा दिवस जायचा. वरून "बायकांना एकट्या पुण्यात जमेल का" हे घरोघरी होतंच.

आता आपल्या नगर रस्त्याची गोष्ट बदलली आहे. मार्च 2024 मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत आली, आणि रामवाडी आपल्या एसटीच्या वाटेवरच आहे. कंडक्टरला आधी विचारून ठेवायचं, गाडी तिथं थांबेल का. नाहीतर वाकडेवाडीला उतरायचं. आपलं जुनं शिवाजीनगर स्टँड मेट्रोच्या कामासाठीच 2019 च्या शेवटी तिकडं हलवलं.

रामवाडीहून गाडी खांबांवरून, उंचावरून जाते. येरवडा, पुणे रेल्वे स्टेशन करत जिल्हा न्यायालय स्थानक येतं. इथं उतरून दुसरी गाडी धरायची, ती जमिनीखालून जाते. म्हणजे आभाळातून थेट पाताळात. हे स्थानक सुमारे 33 मीटर खोल आहे. सहा फुटांचा परस धरला तर अठरा परस! आपल्याकडं एवढी खोल विहीर खणायची म्हटली तर किती उन्हाळे जातील! खाली जायला सरकते जिने आहेत, लिफ्टही आहे. जिन्यावर निऱ्या उचलून धरा आणि पिशवी पुढं घ्या.

खाली का नेली, हे आम्हालाही कळत नव्हतं. पण पेठांमधल्या गल्ल्या बघितल्या की समजतं. जुने वाडे, दाटीची दुकानं, खांब रोवायला जागाच नाही. मग कृषी महाविद्यालयाच्या आवारातून आणि स्वारगेटकडून बोगदा खणणारी यंत्रं सोडली. त्यांना मुळा, मुठा, पवना अशी नद्यांची नावं. यंत्राच्या तोंडाशी फिरणारं मोठं चाक असतं, ते खडक कातरतं. मागोमाग सिमेंट काँक्रीटच्या तयार फाका जोडून गोल कडं बसवतात. आपण विहिरीला कडी टाकतो ना, तशीच, फक्त विहीर आडवी पाडलेली. सुरुंग न लावता काम होतं, म्हणून वरचे वाडे उभे राहिले. मुठा नदीसुद्धा या बोगद्याच्या डोक्यावरून वाहते.

जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा तुकडा 29 सप्टेंबर 2024 ला सुरू झाला. पुढची स्थानकं कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट. साताऱ्याकडं जाणारीनं स्वारगेटला उतरावं, एसटी स्टँड जवळच आहे. आपलं काम मात्र मंडईचं.

पहिल्या खेपेला आम्ही फसलो. जिल्हा न्यायालयाला समोर आलेल्या गाडीत बसलो आणि निघालो उलट, पिंपरीकडं. जमिनीखाली ना सूर्य, ना ओळखीचं झाड, दिशाच कळत नाही. शिवाजीनगरला कळलं, उतरलो, परत फिरलो. मोठं नुकसान नाही, पण आमच्या एक काकू दार बंद होताना मागं राहिल्या. बाकीच्या जणी पुढच्या स्थानकात थांबल्या आणि काकू मागच्या गाडीनं आल्या. तेव्हापासून ठरलंय, चुकलो तर पुढच्या स्थानकावर थांबायचं, धावत्या दाराशी झटायचं नाही. आणि चढण्याआधी पाटीवर "स्वारगेट" वाचायचं. वाचता येत नसेल तर विचारायचं, लाज कसली?

मंडई स्थानकातून वर आलं की बाजारच. ही दगडी मंडई 1880 च्या दशकातली, तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव होतं. पालिकेत असताना जोतीरावांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता, आधी शिक्षणावर खर्च करा म्हणून. आज तिला नाव त्यांचंच आहे, महात्मा फुले मंडई! शेजारी तुळशीबाग, तिथं भांडी, बांगड्या, संक्रांतीचं वाण. साड्या लक्ष्मी रोडला. पिशव्या, डबे, पॅकिंगचा माल रविवार पेठेत, बोहरी आळीत. तिथं चालत जाता येतं. एका दुकानात घेऊ नका, तीन ठिकाणी भाव काढा आणि पावती गटाच्या नावानं मागा, हिशेबाला लागते.

वर येताना कोणत्या दारानं आलो ते लक्षात ठेवा. स्थानकाला एकाहून जास्त दारं असतात आणि परतताना सगळ्या गल्ल्या सारख्याच वाटतात.

परतीचं ओझं हा खरा प्रश्न. आत जाताना तपासणी होते. रॉकेल, गॅस असलं पेटणारं काही चालत नाही, आणि मोठी पोती गर्दीत न्यायचीच नाहीत. आम्ही हलका माल वाटून प्रत्येकीच्या पिशवीत घेतो. डब्यांसारखा जड माल दुकानदाराला ट्रान्सपोर्टनं पाठवायला सांगतो. तो दोन दिवसांनी सुप्याला येतो, तिथून टेम्पोनं गावात.

यंदा दिवाळीचा माल आणायला नवरात्र उठलं की लगेच निघणार आहोत. सकाळच्या पहिल्या एसटीनं. कुणा गटाला सोबत यायचं असेल तर आधी निरोप द्या, आणि यादी लिहून आणा.