गोणीवरचा शिक्का

साकीनाक्याला खैरानी रोडवर भंगाराच्या दुकानासमोर पाच मिनिटं उभं राहा. पोतं उतरतं, मालावरून लोहचुंबक फिरतं. चिकटलं ते लोखंड. तांबं-पितळ खरवडून, रंगावरून कळतं. मग काटा. डोळा, बोट आणि कान, इतक्या भांडवलावर इथली माणसं धातू वाचतात, आणि सहसा चुकत नाहीत.

पण किरणोत्सर्गी कोबाल्ट-60 समोर आला, तर ही सगळी विद्या आंधळी. दिसायला साधा धातू, शिवाय कोबाल्ट चुंबकालाही चिकटतो. किरण दिसत नाहीत, त्यांना वास नाही. 2010 साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात हेच घडलं. दिल्ली विद्यापीठानं लिलावात काढलेलं जुनं किरणयंत्र तिथं फोडलं गेलं, एका कामगाराचा जीव गेला. कोबाल्टचा एक तुकडा तर एकाच्या पाकिटात होता. मुंबईच्या अणुशक्तीनगरातल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तज्ज्ञांनी मोजयंत्रं घेऊन एकेक तुकडा शोधला, शिशाच्या आवरणात बंद केला.

मला या मोजयंत्राचंच नवल वाटतं. अशा संकटानंतर माणसं पुन्हा उभी राहतात ती औषधपाण्यानं, भरपाईनं, हे खरंच. पण न दिसणाऱ्या भीतीचा आकडा हातात आल्याशिवाय पहिलं पाऊल पडत नाही.

ब्राझीलच्या गोयानिया शहरात 1987 मध्ये बंद पडलेल्या दवाखान्यातलं यंत्र असंच भंगारात आलं. आत किरणोत्सर्गी सीझियम-137 ची निळसर चमकणारी भुकटी होती. लोकांनी ती कौतुकानं नातेवाइकांत वाटली, अंगाला चोळली. चार जण दगावले. त्यानंतर शहरातल्या 1 लाख 12 हजारांवर लोकांची तपासणी झाली, बरीचशी फुटबॉलच्या स्टेडियमवर. 249 जण बाधित निघाले. उरलेल्या लाखभर माणसांना काहीच झालेलं नव्हतं, तरी बाहेरगावी हॉटेलात खोली मिळेना, गावचा माल कुणी घेईना. मग ‘बाधित नाही’ असा दाखला खिशात ठेवून लोक प्रवास करू लागले.

जपानमधल्या फुकुशिमाची गोष्ट तर भाताची. तिथल्या अणुवीज केंद्रातल्या मार्च 2011 च्या अपघातानंतर शेतात सीझियम पडलं. सीझियम आणि पोटॅशियम हे रसायनशास्त्रातले भाऊबंद, त्यामुळे भाताचं मूळ एकाला दुसरा समजून आत घेतं. उपाय ऐकून थक्क व्हायला होतं: शेतात पोटॅश भरपूर घाला. आपला शेतकरी उसाला घालतो तेच पोटॅश! मुळाला हवं ते मुबलक मिळालं की सीझियम बाहेरच राहतं. एवढ्यावर न थांबता 2012 पासून जिल्ह्यातली प्रत्येक, हो, प्रत्येक 30 किलोची गोणी यंत्राखालून जाऊ लागली. वर्षाला एक कोटीच्या आसपास गोण्या, मर्यादा किलोला 100 बेकरेल (किरणोत्साराचं माप). पहिल्या वर्षी 71 गोण्या मर्यादेबाहेर निघाल्या. 2015 च्या पिकापासून एकही नाही. पास झालेल्या गोणीवर शिक्का लागे. शेतकऱ्याचं नाव पुन्हा बाजारात चालू लागलं ते त्या शिक्क्यावर.

जमीन मात्र इतक्या सहज परत आली नाही. अपघातानंतर रिकाम्या केलेल्या तिथल्या इताते गावात शेतांवरची वरची पाच सेंटीमीटर माती खरवडून काळ्या पिशव्यांत भरली. सीझियम तिथंच चिकटून बसतं, आणि पिढ्यान् पिढ्या शेणखतानं पोसलेला कसही तिथंच असतो. मार्च 2017 मध्ये गावाचा बहुतेक भाग राहायला खुला झाला. परतले ते बहुतेक म्हातारे. तरुण आईबापांच्या मुलांनी तोवर दुसरीकडच्या शाळेत सहा वर्षं काढली होती. कोकणातून, घाटावरून येऊन साकीनाक्याच्या चाळीत संसार थाटलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. गाव सुरक्षित आहे, घर उभं आहे, दारात झाड आहे. आणि पोरांची परीक्षा इथं आहे.